तासिका तत्त्वावरचा भौतिकशास्त्रज्ञ

"दाजी, खाली बघून चालू नका. लोकं बघतायत," रंगनाथ म्हणाला.

रंगनाथ माझा मेहुणा. मी खाली बघत होतो, कारण वर बघायची सोय नव्हती. घोगरवाडीच्या एसटी थांब्यावर उतरलो तर समोर मीच उभा, दीड पुरुष उंच. फोटो माझ्या लग्नातला होता. फ्लेक्सवाल्याने मुंडावळ्या कापून काढायचा प्रयत्न केला होता, पण डाव्या कानावर मोत्यांची एक लड राहून गेली होती. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'सुप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ मा. प्रा. मधुसूदन वाकचौरे यांचे घोगरवाडी नगरीत सहर्ष स्वागत.'

"रंगनाथ, मी भौतिकशास्त्रज्ञ नाही."

"फिजिक्स शिकवता ना?"

"शिकवतो."

"मग?"

"शिकवणारा वेगळा, शास्त्रज्ञ वेगळा. शास्त्रज्ञ नवीन काहीतरी शोधतो. मी दुसऱ्यांनी शोधलेलं फळ्यावर लिहितो. तेही तासिका तत्त्वावर."

तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर वाटसरू. कॉलेजच्या शिपायाची नोकरी माझ्यापेक्षा पक्की होती आणि तो मला तशी जाणीव करून देत असे.

रंगनाथने थोडा विचार केला. "गावात जो गाणं म्हणतो त्याला आम्ही गायक म्हणतो. चाल त्यानंच लावली पाहिजे असं कुणी विचारत नाही. आणि 'तासिका तत्त्वावरील अधिव्याख्याता' एवढं लांबलचक लिहिलं असतं, तर तुमचा फोटो पासपोर्ट साइज झाला असता."

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं, म्हणजे सासुरवाडीला नाही म्हणण्याइतका मी जुना झालो नव्हतो. घोगरवाडीला खंडोबाची जत्रा भरते आणि जत्रेत बारा गाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल सोडायचे, गाड्यांत माणसं कोंबायची, पहिल्या गाडीचा दोर भगताच्या कमरेला बांधायचा आणि एकट्या भगताने ती सगळी वरात देवळापर्यंत ओढत न्यायची. आदल्या वर्षी तालुक्याच्या एका पेपरात छापून आलं होतं की ह्या गाड्या भगत ओढत नाही, लोक ढकलतात. गाव संतापलं. पेपरवाल्याला उत्तर म्हणून गावाला एक शास्त्रज्ञ पाहिजे होता, आणि रंगनाथने सांगितलं की शास्त्रज्ञ आमच्या घरातच आहे.

थांब्यापासून देवळापर्यंत नवाकोरा काँक्रीटचा रस्ता झाला होता. "आमदार निधीतून," रंगनाथ म्हणाला. "मागल्या वर्षीपर्यंत इथं घोट्याएवढा फुफाटा होता. आता बघा, गोटी सोडली तर देवळात जाऊन थांबेल."

मी रस्त्याचं कौतुक केलं. त्या वाक्यात भौतिकशास्त्र भरलेलं होतं आणि ते सुप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञाच्या एका कानातून शिरून मोत्यांची लड असलेल्या दुसऱ्या कानातून गेलं, हे मला संध्याकाळी कळलं.

देवळासमोर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. सरपंच तात्यासाहेब हासे स्वतः सोफ्यांची जागा ठरवत होते.

"या, शास्त्रज्ञसाहेब. तुम्हाला फार बोलायचं नाही. दोनच वाक्यं. एक, मी जगभरचं विज्ञान पाहिलं. दोन, ह्या गाड्यांचा उलगडा विज्ञानाला होत नाही."

"तात्यासाहेब, मी नाशिकच्या पलीकडे गेलेलो नाही."

"विज्ञान गेलंय ना?"

"आणि मी खरं तर शास्त्रज्ञ नाही. शिकवतो फक्त."

तात्यासाहेब बाकीच्यांकडे वळले. "बघा. मोठा माणूस असाच असतो. आपल्याकडं ग्रामसेवक स्वतःला कलेक्टर समजतो."

पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "भौतिक म्हंजे काय व्हो?" मी तोंड उघडायच्या आत दुसऱ्याने सांगितलं, "महाराज कीर्तनात सांगत न्हाईत का, भौतिक सुखाच्या मागं लागू नका म्हणून. त्याचे शास्त्रज्ञ." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझे बूट बघितले, शर्ट बघितला, आणि ह्या माणसाला आपल्याच विषयात फारसं यश आलेलं नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला असावा. पहिला म्हणाला, "असू द्या. वय लहान हाय अजून."

तेवढ्यात भगताचा निरोप आला. शास्त्रज्ञाला एकट्यालाच बोलावलंय.

सखाहरी भगत देवळाच्या ओवरीत घोंगडीवर बसले होते. साठीच्या पुढचा, काटक माणूस, अंगभर हळद. दाराशी त्यांची बायको चिंधाबाई बसली होती. मला आत सोडून तिने दार ओढून घेतलं आणि स्वतः आतच राहिली.

"बसा. सर म्हणू का शास्त्रज्ञ म्हणू?"

"सर म्हणा."

"पोरानं तुमचा बोर्ड वाचून दाखवला. म्हटलं, ह्या माणसाला इचारावं. दुसऱ्या कुणाला इचारता येत न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "मी ओढतो का?"

"म्हणजे?"

"म्हंजे गाड्या मीच ओढतो का? दोर माझ्या कमरेला असतो. गाड्या मागून येत्यात. पण मागं वळून बघायचं नसतं, देव कोपतो. एकतीस सालं झाली, मी एकदाबी मागं बघितलं न्हाई. पेपरात आलं तवापासून झोप न्हाई मला."

"बाबा, कशाला मनावर घेता? तुमची श्रद्धा..."

"श्रद्धेचं मी बघतो," ते म्हणाले. "हे बघा." आणि त्यांनी धोतर सैल करून जांघेवरची गाठ दाखवली. लिंबापेक्षा मोठी होती. तासिका तत्त्वावरच्या माणसालाही ती कशाची आहे ते कळत होतं.

"हर्निया," मी म्हणालो.

"तालुक्याचा डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करा, तवर बादलीबी उचलू नका. आतडं अडकलं तर खेळ खलास. आन् मला आज बारा गाड्या ओढायच्यात."

"मग यंदा नाही म्हणा."

"कसं म्हणणार? यंदा जत्रेपुरतं न्हाई म्हटलं की देव अंगातून गेला म्हणत्यात. मान भावकीत जातो, तो परत येत न्हाई. धोंडीराम तिकडं हळद लावून तयार बसलाय."

चिंधाबाई दारातून म्हणाली, "धोंडीरामाला गाय ओढून नेते गोठ्यात. त्यो गाड्या वढणार."

"तू गप," भगत म्हणाले, पण त्यांना ते आवडलं होतं. मग माझ्याकडे वळले. "ओढत असलो तर मला आज मराण हाय. ओढत नसलो तर जिवाला धोका न्हाई, पण मग मी एकतीस सालं काय केलं? सांगा काय ते. तुमचं शास्त्रच हाय ना ते?"

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. गाड्या, माणसं, चाकं, रस्ता. कसंही मांडलं तरी त्या हलवायला चार-पाचशे किलोची ओढ लागत होती, आणि धडधाकट माणूस फार तर साठ-सत्तर किलोने ओढतो.

"लोक गाड्यांना हात लावतात का?"

"लावत्यात की. गाडीला हात लागला की वर्षभर पीडा न्हाई लागत. पण नुसता हात हां. ढकलत कुणीच न्हाई. तसलं पाप कोण करील?"

"हात लावणारे किती?"

"समदं गाव."

माझ्या डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट झालं. हजारभर माणसं, प्रत्येकजण फक्त हात लावतोय, प्रत्येकाची खात्री की ढकलणं हे पाप आहे आणि ते शेजारचाही करत नाही. माणशी एक किलो भक्ती धरली तरी गाड्या पार पुण्याला पोचल्या असत्या.

"बाबा, तुमच्या पोटावर ताण येऊ नये, असं वाटतं."

"वाटतं?"

"गणितावरून वाटतं."

"गणितावरून वाटलं आन् आतडं भायेर आलं, तर गणित येणार का आत बसवायला?"

"मग मोजावं लागेल," मी म्हणालो.

हे वाक्य मी का बोललो ते मलाही कळलं नाही. तोवर मला आयुष्यात जे जे प्रश्न विचारले गेले होते त्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली होती. ह्याचं नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, देवाखेरीज, आणि तो ह्या प्रकरणात पक्षकार होता.

रंगनाथच्या मित्राची कांद्याची वखार होती. तिथे गोण्या तोलायचा स्प्रिंगचा काटा टांगलेला असतो, वर आकडा, खाली आकडा, मध्ये घड्याळासारखी तबकडी. तो काटा दोराच्या मध्ये अडकवायचा. एका आकड्याला गाडीचा दोर, दुसऱ्याला भगताच्या कमरेचा पट्टा. गाड्यांचा जो काही भार भगतावर येईल तो तबकडीवर दिसेल.

"तुम्ही जोर अजिबात लावायचा नाही," मी सखाहरींना बजावलं. "नुसतं चालायचं. मी शेजारून पळत काटा बघत येतो. वीसच्या पुढे गेला की मी थांबवणार."

"गाड्या थांबवता येत नसत्यात, सर."

"मी शास्त्रज्ञ आहे," मी म्हणालो. "लोक ऐकतील."

तो शब्द मी स्वतःसाठी पहिल्यांदा वापरला. चिंधाबाईने मान हलवली, जणू काही ते तिला बोर्डावरून आधीच मान्य होतं. "पळताना धोतर... विजार सांभाळा," एवढंच ती म्हणाली.

मला वाटलं होतं त्यापेक्षा तात्यासाहेबांना काटा जास्तच आवडला. त्यांनी माइकवरून जाहीर केलं की यंदा प्रथमच बारा गाड्या वैज्ञानिक पद्धतीने ओढल्या जाणार आहेत. काट्याला हळदकुंकू लावलं, त्याच्यापुढे नारळ फुटला, आणि तबकडीचा अर्धा भाग हळदीने झाकून गेला. तो मी रुमालाने पुसला, तेव्हा गर्दीतला कुणीतरी म्हणाला, "शास्त्रज्ञ काट्याची पूजा करतोय."

ऊन उतरलं. गाड्या खचाखच भरल्या होत्या. लोक दांड्यांवर, साट्यांवर, एकमेकांच्या मांडीवर बसले होते. सखाहरींनी पहिल्या गाडीला पाच प्रदक्षिणा घातल्या, पट्टा बांधून घेतला, आणि देवळाच्या कळसाकडे बघत उभे राहिले. येळकोट झाला. भंडारा उधळला. मी काट्याला नाक लावलं.

काटा एकदम साठावर गेला. गाड्या तसूभरही हलल्या नाहीत. काटा साठावरच थरथरत उभा. मी 'थांबा' म्हणून ओरडलो, तो आवाज माझा मलाही ऐकू आला नाही. मला वाटलं, पहिला हिसका असेल. तेवढ्यात सगळं गाव हात लावायला धावलं, गाड्या कुरकुरल्या, आणि काटा शून्यावर येऊन पडला. परत तो उठला नाही.

दोर ढिला पडला होता. काटा आम्हा दोघांच्या मध्ये लोंबकळत होता आणि माझ्या गुडघ्यावर आपटत होता. मला इतका आनंद झाला की मी हसायला लागलो. म्हाताऱ्याच्या पोटावर पैशाभराचा ताण नव्हता. लोकांनी पुढे अनेक वर्षं सांगितलं की देव शास्त्रज्ञाच्याही अंगात आला.

मग माझ्या लक्षात आलं की आपण फार जोरात पळतोय.

मी मागे पाहिलं. मला मागे बघायची बंदी नव्हती. पहिल्या गाडीचं जू भगताच्या पाठीपासून हातभर अंतरावर होतं आणि जवळ येत होतं. इतकी वर्षं तो फुफाटा गाड्यांना धरून ठेवायचा, गाव हात काढायचं आणि गाड्या चाक रुतून थांबायच्या. यंदा काँक्रीट होतं, त्यात थोडा उतार. गावाने हात काढले होते. गाड्या निघाल्या त्या निघाल्याच. सखाहरी गाड्या ओढत नव्हते, गाड्यांच्या पुढे पळत होते, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं, कारण मागे बघायचं नव्हतं.

"बाबा, बाजूला व्हा."

"दोर हाय," ते धापा टाकत म्हणाले.

बाजूला झाले असते तर गाड्यांनी त्यांना दोरासकट फरफटत नेलं असतं. मी दोन्ही हातांनी काट्याचा आकडा धरला आणि कमरेच्या पट्ट्यातून वर उचलला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. दोर ताणलेला असता तर तो माझ्याने जन्मात निघाला नसता. काटा शून्यावर होता म्हणून भगत सुटले. एवढा शुद्ध पुरावा भल्याभल्या प्रयोगशाळांतही मिळत नसेल. मी त्यांना कवेत घेऊन रस्त्याकडेच्या गवतात पडलो, आणि बारा गाड्या आमच्या शेजारून एकेक करत निघून गेल्या. प्रत्येक गाडीतले लोक आमच्याकडे आश्चर्याने बघत होते. शेवटच्या गाडीतल्या एका बाईने तर नमस्कारही केला.

पुढे स्टेज होतं. सोफ्यावरची मान्यवर मंडळी तोवर टाळ्या वाजवत होती. तात्यासाहेबांनी वयाच्या मानाने फार सुंदर उडी मारली. पहिल्या गाडीचं जू स्टेजच्या पुढे लावलेल्या फ्लेक्समधून आरपार गेलं, आणि ट्रॉल्यांना धडकून सगळी वरात थांबली. एक सोफा मोडला, दोघातिघांना खरचटलं. बाकी खंडोबाची कृपा.

मला गवतातून उचलून स्टेजवर नेलं, आणि धूळ बसायच्या आत माइक माझ्या हातात होता. तात्यासाहेबांची टोपी तिरकी झाली होती, पण डोकं ठिकाणावर होतं. "बोला शास्त्रज्ञसाहेब. सांगा ह्यांना."

"मित्रहो," मी म्हणालो, "मी भौतिकशास्त्रज्ञ नाही."

प्रचंड टाळ्या.

"गाड्या आपण सगळे ढकलता. आपल्याला वाटतं नुसता हात लावतो. यंदा काँक्रीट झाल्यामुळे..."

काँक्रीट म्हटल्यावर आमदारांच्या माणसांनी टाळ्या सुरू केल्या आणि त्या थांबेनात. तात्यासाहेबांनी माइक काढून घेतला. "ऐकलं का? शास्त्रज्ञांनी मान्य केलंय. भगताचा दोर सुटला, तरी गाड्या चालत देवळापाशी आल्या. आता पेपरवाल्याला म्हणावं, ये आणि सांग, कोण ओढत होतं."

ह्या प्रश्नाला खरोखरच उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते टाळ्या वाजवत होतं.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'गाड्या भगताविना धावल्या, भौतिकशास्त्रज्ञही अवाक्.' प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं की महाविद्यालयात भौतिकशास्त्रज्ञ हे पद मंजूर नसताना आपण ते कसं काय भूषवता. मी म्हणालो, जत्रेपुरतं. ते म्हणाले, तासिका लावून घेऊ नका त्याच्या. गावाने माझा एक सल्ला मात्र मानला. जत्रेच्या आधी काँक्रीटच्या रस्त्यावर चार ट्रॉल्या माती पसरायची, अशी प्रथा पडली. ती अजून आहे. तिला शास्त्रीय आधार आहे, असं सांगतात.

दोन आठवड्यांनी सखाहरींचं ऑपरेशन झालं. देवानेच दोर सोडवून भगताला विश्रांती दिली, असा अर्थ गावाने लावला होता. त्यामुळे मान घरातच राहिला आणि पुढच्या वर्षीपासून मुलाने ओढायचं ठरलं. मी तालुक्याला त्यांना भेटायला गेलो. ते उशीला टेकून बसले होते. चिंधाबाई मोसंबं सोलत होती.

इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही माइकवर काय बोलला ते मला गवतातून ऐकू आलं न्हाई. काटा किती होता?"

मी त्या प्रश्नासाठी वाटभर उत्तरं तयार केली होती. देव, निमित्त, समूहाची शक्ती. त्यांच्याकडे बघितल्यावर त्यातलं एकही निघालं नाही.

"शून्य," मी म्हणालो.

सखाहरी उशीवरून पुढे झाले.

"पार शून्य?"

"गाड्या चालत होत्या तोवर पार शून्य. दोर ढिला होता."

"आन् चालायच्या आधी?"

"आधी साठ होता. पण तेव्हा गाड्या हलल्याच नाहीत. तो हिसका असेल."

"हिसका न्हाई," ते म्हणाले. "त्यो मी व्हतो."

मला समजायला थोडा वेळ लागला. काटा साठावर गेला होता आणि तिथेच थरथरत राहिला होता. हिसका असता तर तो लगेच खाली आला असता. एवढं बारावीच्या मुलालाही कळतं.

"बाबा, जोर लावायचा नाही, असं आपलं ठरलं होतं. पोटात आतडं अडकलं असतं."

"ह्येंना सांगून काय उपेग," चिंधाबाई म्हणाली. "मी दारात बसून ऐकलं न्हाई का. नुसतं चाला म्हणले होते सर."

सखाहरींनी तिच्या हातातली मोसंब्याची फोड घेऊन माझ्यापुढे धरली.

"सर, मागं एवढी माणसं बसलेली," ते म्हणाले. "नुसतं चालत कसं जायचं?"